अशी एक बाई दाखव

दर्यापूरच्या आमच्या कापसाच्या जिनात कोरकू लोक जोडीनं यायचे. दिवाळी झाली की मेळघाटातून उतरायचे. नवरा-बायको मिळून एक हजेरी, जोडीला एक चूल, झोपायला सरकीच्या गोदामामागं पत्र्याची छपरं. होळी आठवड्यावर आली की सगळे एकदम परत. शेटनं हात जोडले काय आणि दिवाणजीनं शिव्या घातल्या काय, होळीला कोरकू खाली थांबत नाही.

मी चतुराबाई. बायांची मुकादमीण. पन्नास बाया माझ्या शब्दावर उठायच्या-बसायच्या. दिवाणजीसुद्धा माझ्याशी बोलायचं तर आधी तोंडातलं पान थुंकून यायचा. धम्म घेतला त्याला पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून मी कोणाच्या पाया पडले नाही, आणि विधवा म्हणून कोणाची कीव तर घेतलीच नाही. शेषराव गेल्यावर दोन लेकरं वाढवली, देवमनचं लग्न केलं, आता शालू राहिली होती.

त्या साली कोरकूंच्या टोळीत सुगरती नावाची एक पोरगी होती. विशीची असेल. कापूस यंत्रावर टाकायला तिच्यासारखा हात नव्हता; दोघींचं काम एकटी ओढायची. पण लुगडं सैल नेसायला लागली, तसं मी ओळखलं. एक दिवस भोंगा झाल्यावर तिला थांबवलं.

"कितवा महिना वं?"

"पाचवा." कोरकू माणूस शेटलाही तू म्हणतो, मलाही तू. "तू काढून टाकशील मले?"

"काढाचं असतं तं विचारलं असतं का? पहिलं लेकरू कोठी हाय?"

"मागच्या उन्हाळ्यात मेलं. पोटातच मेलं." तिनं हातावरची रुई झटकली. "हातात घेतलं तं कातडी हातालेच आली. उकडलेल्या रताळ्यासारखी."

मी खाली बसले. तिला वाटलं मला भोवळ आली. पाणी आणायला पळाली.

भोवळ नव्हती. असं कातडी सोललेलं लेकरू मी दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा माझंच. देवमन झाल्यावर शेषराव अकोल्याच्या मिलीत लागला, मी गावी सासूजवळ. वर्षभरानं मला तिकडं नेलं. त्यानंतर दोन लेकरं मेलेली निघाली. सासू म्हणे, मुंजोबा लागला. अकोल्याच्या दवाखान्यात एक ख्रिस्ती डॉक्टरीणबाई होती, तिनं दार लावून सांगितलं, "ही गरमी आहे. नवऱ्याकडून आली. दोघांनी सुया घ्या, नाहीतर मेलेलीच जन्माला घालत राहशील." सोमलाच्या सुया होत्या त्या, हाताच्या शिरेत. आठवड्याला एक, अशा अठरा. पहिल्या सुईनं रात्रभर हुडहुडी भरली, पुढं दात हलले, तोंडाला धातूची चव राहिली. सासूला सांगितलं, अशक्तपणाच्या आहेत. त्यानंतर शालू झाली. धडधाकट, रडकी, काळीभोर.

शेषराव गेला, सासू गेली. ही गोष्ट माहीत असलेलं घरातलं एकच माणूस आता जिवंत होतं, आणि त्या माणसाला तोंड बंद ठेवता येत होतं.

सुगरतीचा नवरा मुंगीलाल. त्याला मी सरकीच्या ढिगाआड गाठलं.

"खरं बोल. लंगोटाखाली कधी जखम झाली होती तुले?"

तो मान खाली घालून पायाचा अंगठा मातीत फिरवत राहिला.

"बापा, मी तुह्या मायच्या वयाची हावो. बोल."

"पहिल्या साली आलो तवा," तो म्हणाला. "एकटा होतो. लग्न नव्हतं. लारीवाले घेऊन गेले, टेसनामागच्या झोपड्यात. मंग जखम झाली. दुखली नाई. महिन्याभरात आपलीआप गेली."

"आपलीआप गेली म्हणून तू लग्न केलं."

"गेली होती ना!" तो कळवळून म्हणाला.

गावात लोक म्हणायचे, हे जंगली लोक रोग घेऊन उतरतात, यांचा गिलास वेगळा ठेवा. चहावाल्यानं ठेवलाच होता वेगळा. आमच्या लोकांचा गिलास वेगळा होता तेव्हाही तोच चहावाला होता. रोग डोंगरातून खाली आला नव्हता; आमच्या स्टेशनामागून डोंगरावर चढला होता.

सरकारी दवाखान्यात माझ्या बहिणीची इंदू नर्स होती. गावाला ती इंदूबाई, मला इंदूच. दोघांना घेऊन तिच्याकडं गेले. तिनं रक्त काढून अमरावतीला पाठवलं. बारा दिवसांनी चिठ्ठी आली, दोघांचंही खराब.

"आता सोमल नाही, मावशी," इंदू म्हणाली. "पेनिसिलीन आलं. रोज एक, अशा दहा सुया. खाडा करायचा नाही. आता तिला सहावा लागतो आहे. आत्ता घेतल्या तर लेकरू वाचेल. होळीला किती दिवस आहेत?"

"वीस."

"मग होऊन जाईल." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "तुला कसं कळलं गं, हा रोग आहे म्हणून?"

"केस काही उन्हानं पांढरे नाई केले," मी म्हटलं.

सुगरतीला मी समजावलं. तिनं एवढंच विचारलं, "हे जगेल?"

"जगेल."

"तू म्हणते तं घेते."

पहिली सुई सकाळी दिली. संध्याकाळी दोघांनाही सणकून ताप भरला. सुगरतीच्या पोटात कळा यायला लागल्या. छपरात सगळी टोळी जमली. टोळीतली म्हातारी बुधाय तिच्या कपाळाला राख लावून बसली होती. मला पाहून तिनं तोंड फिरवलं.

मी इंदूकडं गेले. ती म्हणाली, "ताप येतोच. पहिल्या सुईनं रोग चवताळतो. सकाळपर्यंत उतरेल, दुसरीनं येणार नाही. कळाही थांबतील. काही झालं तरी उद्याची सुई चुकवू नकोस."

मला हे सांगायची गरज नव्हती. अकोल्याची हुडहुडी माझ्या हाडांत अजून होती.

सकाळी ताप उतरला, कळा थांबल्या. मी सुगरतीला न्यायला गेले, तर टोळी वजनकाट्यापाशी येऊन उभी होती. बुधाय पुढं. सुगरती आणि मुंगीलाल तिच्या मागं, ओल्या मांजरासारखे.

काट्यावर नत्थुजी होता. तो आमच्या जिनाचा काटेवाला. अकोल्याच्या त्याच्या पुतण्याशी शालूचं जमलं होतं. पोरगा शाळेत मास्तर. परवाच घरचे येऊन पोरगी पसंत करून गेले होते, बुद्धपौर्णिमेची तारीख धरली होती. आमच्या सात पिढ्यांत मास्तर जावई कोणाला मिळाला नव्हता.

"पोरगी नाई येणार," बुधाय म्हणाली. "तुह्या सुईनं तिचं पोट हाललं."

"पोट हाललं नाई बाई, रोग हालला. आज घेतली की ताप येत नाई."

"तुले कसं माईत?"

"नर्स सांगते."

"नर्सले कोण सांगते? नर्सनं घेतली का?" बुधाय काठी टेकून एक पाऊल पुढं आली. ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. "मी सुईले भेत नाई. देवीची टोचली, मी टोचून घेतली. माही चार नातवंडं टोचली. पण हे पोटातल्या लेकराचं हाय. जिचं लेकरू असं कातडी सोलून मेलं, आन मंग सुई घेऊन जिचं जितं झालं, अशी एक बाई दाखव. एकच दाखव. मी सोता धरून नेतो पोरीले."

तेवढ्यात शालू माझी भाकर घेऊन फाटकातून आत आली. हातात फडकं, वेणीला नवीन रिबीन. गर्दी पाहून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

अशी बाई मी होते आणि असं लेकरू तिथं फडकं धरून उभं होतं. मला फक्त बोट दाखवायचं होतं.

नत्थुजी हसला. वाईट माणूस नव्हता, पण चार लोक जमले की त्याची जीभ खाजवायची. "काय हो विहीणबाई, या रोगाची लय माहिती तुमाले! कोठी शिकल्या?"

दिवाणजी हसला. गाडीवाले हसले. शालूनं माझ्याकडं पाहिलं.

"मले काय माईत?" मी म्हटलं. माझा आवाज अख्ख्या जिनात ऐकू जायचा, तसा गेला. "मी काय तसली बाई हावो का?"

हसणारे आणखी हसले. कोरकूंपैकी कोणी हसलं नाही. सुगरतीनं वर पाहिलं. तोपर्यंत तिला कोणी तसली म्हटलं नव्हतं. दवाखान्यात नेताना मीच तिला सांगितलं होतं, हा रोग आहे पोरी, पाप नाही. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि छपराकडं गेली. मुंगीलाल मागं गेला.

दुपारच्या भोंग्याला त्यांच्या यंत्रावर कोणी नव्हतं. चूल विझवून, गाठोडं बांधून जोडी निघून गेली होती. बाकीची टोळी होळीच्या वेळेला गेली.

इंदूनं मला जिनात येऊन धरलं. "मावशी, एका सुईनं काही होत नाही. अजून दिवस आहेत. तू जा, समजावून आण. तुझं ऐकेल ती."

"शालूचं लग्न होऊ दे. मंग जातो."

"लग्नाला अडीच महिने आहेत!"

"आयकू नाई आलं का तुले?" मी म्हटलं. "लग्न होऊ दे."

लग्न झालं. पंचशील म्हटलं, मास्तर जावयानं शालूच्या गळ्यात हार घातला, अकोल्याची माणसं जेवून तृप्त गेली. नत्थुजीनं माझ्या स्वयंपाकाची तारीफ केली. तिसऱ्या दिवशी मी परतवाड्याची गाडी धरली. तिथून दुसरी, सेमाडोहकडं जाणारी. रस्त्यात उतरून दोन कोस चालले. सागाची पानं गळून गेली होती, सावली कुठं नव्हती. हातात इंदूची चिठ्ठी होती, परतवाड्याच्या दवाखान्यासाठी.

सुगरतीच्या झोपडीबाहेर मुंगीलाल बसला होता. मला पाहून उठला, पण राम राम केला नाही.

"आठव्यातच झालं," तो म्हणाला. "पाच दिवस झाले. जितं हाय."

मी आत गेले. जिवंत होतं. एवढंसं, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाचं. नाक भरलेलं, श्वास घेताना घुरघुर वाजत होतं, त्यामुळं थान तोंडात धरता येत नव्हतं. तळहात-तळपाय फोडांनी सोललेले. मुलगी होती. सुगरती तिला बोटानं दूध चाटवत होती.

"चाल," मी म्हटलं. "आत्ता चाल. परतवाड्यात सुई देतात, लेकरालेही देतात."

ती बोटानं दूध चाटवत राहिली.

"माहे दोन असेच मेले," मी म्हटलं. बोलताना मी भिंतीकडं पाहत होते. "कातडी सोलून. मंग मी अठरा सुया घेतल्या. मंग शालू झाली. तवा काट्यापाशी भाकर घेऊन आली होती, तेच पोट्टी. बुधायनं जे बाई मांगतली ना, ते मी होतो."

तिनं दूध चाटवणं थांबवलं. लेकराची घुरघुर तेवढी चालू होती.

"तवा काहून नाई सांगतलं?"

मला खोटं सांगता आलं असतं. "शालूचं लग्न जमलं होतं."

"झालं लग्न?"

"झालं."

"चांगलं झालं?"

"चांगलं झालं."

तिनं मान हलवली. मग उठून लेकराला फडक्यात छातीशी बांधलं आणि बाहेर येऊन मुंगीलालला कोरकूत काहीतरी सांगितलं. त्यानं काठी घेतली.

आम्ही तिघं निघालो. ती पुढं, तो मध्ये, मी मागं. बाळंतीण पाच दिवसांची, पण मला तिच्या पावलाला पाऊल लावता येत नव्हतं. मी म्हटलं, लेकराला मी घेते थोडा वेळ. तिनं ऐकलंच नाही. अर्ध्या वाटेवर एका नाल्यात पाणी होतं, तिथं तिनं लेकराच्या तोंडावर ओलं बोट फिरवलं आणि पुन्हा चालायला लागली. रस्त्याला लागून आम्ही गाडीची वाट पाहत मोहाखाली बसलो. गाडीला उशीर होता. बसल्या बसल्या मला जाणवलं की बराच वेळ घुरघुर ऐकू आली नाही.

मी सुगरतीकडं पाहिलं. तिला आधीच कळलं होतं.

मुंगीलालनं फडकं बाजूला करून पाहिलं. तो उठून रस्त्याच्या कडेला गेला आणि काठीनं जमीन उकरायला लागला. जमीन दगडासारखी होती, नुसते ओरखडे उठत होते. मी म्हटलं, "परत फिरू पोरी. गावात पुरू."

"गाडी येऊन राहिली," ती म्हणाली.

"आता कशाले गाडी?"

गाडी थांबल्यावर ती पहिली चढली. मेलेलं लेकरू कळलं असतं तर कंडक्टरनं उतरवून दिलं असतं. म्हणून घाटभर तिनं पदराखाली त्याला थानाला लावून धरलं. शेजारची एक मुसलमान बाई म्हणाली, "कितना शांत बच्चा है." सुगरती म्हणाली, "हाव."

परतवाड्याच्या दवाखान्यात कंपाउंडर पंख्याखाली बसून चिठ्ठी वाचत राहिला. "आई, बाप आणि मूल," तो म्हणाला. "मूल दाखवा."

"लेकरू गेलं," मी म्हटलं.

"कधी?"

"रस्त्यात."

त्यानं चष्मा काढला. "मग बाई, मातीचं आधी पाहा. इंजेक्शन नंतर देता येईल."

सुगरती माझ्यापुढं आली. फडक्याची गाठ सोडून तिनं ते बोचकं माझ्या हातात ठेवलं. "धर," म्हणाली. मग कंपाउंडरला म्हणाली, "दहा सुया. मले आन याले. एक घेतली होती, ते धरू नको. पहिल्यापासून दे."

"ताप येईल हं."

"माईत हाय."

मी व्हरांड्यात उभी राहिले. बोचकं दोन शेर वजनाचंही नव्हतं. आत स्टोव्हवर सुई उकळत होती. मुंगीलाल दाराला धरून उभा होता, त्याला आत बोलावलं तेव्हा तो रडायला लागला. ती त्याच्यावर कोरकूत ओरडली आणि तो आत गेला.

संध्याकाळी नदीच्या वाळूत खड्डा केला. दहा दिवस ती दोघं दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिली, मीही राहिले. भाकरी मी थापायची, ती खायची. पहिल्या दिवशी ताप आला, दुसऱ्या दिवशी आला नाही. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही. अकराव्या दिवशी सकाळी उठले, तर जोडी निघून गेलेली.

पुढच्या दिवाळीनंतर टोळी उतरली, तिच्यात ते दोघं नव्हते. ते आता बऱ्हाणपूरकडं कामाला जातात, असं बुधायनं सांगितलं. मी त्याच दिवशी सगळ्यांना काट्यापाशी बसवलं. नत्थुजी काट्यावर होता, दिवाणजी होता, गाडीवाले होते. अकोल्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, शेषरावचं नाव घेऊन, अठरा सुयांसकट. स्टेशनामागच्या झोपड्यांचंही नाव घेतलं आणि तिथं जाणाऱ्यांच्या तोंडाकडं पाहून सांगितलं. कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी बुधाय अकरा जोड्यांना घेऊन इंदूकडं गेली. त्यातल्या चौघांचं रक्त खराब निघालं.

आठ दिवसांत गोष्ट अकोल्याला पोचली. शालू तेव्हा पोटुशी होती. मास्तरानं तिचंही रक्त काढवलं, चांगलं निघालं. सासूला ते चांगलं निघालेलं पुरलं नाही. माझी पोरगी बाळंतपणाला माहेरी आली नाही, तिथंच बाळंत झाली. देवमन बारशाला जाऊन आला, म्हणाला, मुलगा झाला, शालूसारखाच रडका.

"मले काही निरोप?" मी विचारलं.

"नाई," तो म्हणाला.